टीचर, तुमच्या ‘माझा भाकरी’साठी

आदरणीय टीचर,

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीतच लिहितेय. तुमची भाषा कन्नड, तरी तुम्हाला वाचता येईल, कारण आमच्याच वर्गात बसून तुम्ही मराठीची बाराखडी गिरवलीत.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली आपली मराठी शाळा, मंगलोरी कौलांची. पावसाळ्यात कौलांवर असा ताशा वाजायचा की फळ्याजवळचं बोलणं मागच्या बाकापर्यंत पोचायचंच नाही. कन्नडच्या तासाला मला ते बरंच वाटायचं. त्याचं कारण मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

सहावीत एका शिक्षकांनी मला धडा वाचायला उभं केलं होतं. ‘नीरु कोडु’, पाणी दे. मी ‘को’ लांबवला. ओ लांबला की त्याच शब्दाचा अर्थ होतो शिंग. आपल्या मराठीत आखूड ओ वेगळा नाहीच, तो फरक माझ्या कानाला कळावा कसा? त्यांनी मला डोक्यावर दोन बोटांची शिंगं करून तास संपेपर्यंत उभं ठेवलं. सगळा वर्ग हसला. पुढे वर्षभर कन्नडचं पुस्तक उघडलं की पोटात गोळा यायचा. अक्षरं दिसायची, पण डोक्यात शिरायची नाहीत. घरी सगळे म्हणायचे, हिचं डोकंच चालत नाही.

सातवीला तुम्ही आलात. पहिल्या दिवशी पुस्तकाला हातही लावला नाहीत. “थोरल्या बहिणीला काय म्हणता?” अक्का. “थोरल्या भावाला?” अण्णा. “गरम भातावर काय घालता?” तूप. तुम्ही फळ्यावर लिहिलंत, अक्का, अण्णा, तुप्प, आणि म्हणालात, “बघा, कन्नड तुम्ही घरातूनच घेऊन आलाय.” त्या दिवशी पहिल्यांदा मी फळ्याकडे नीट बघितलं.

मग तो डबा खाण्याचा प्रसंग. तुम्ही म्हणालात, “माझा भाकरी गार झाला.” आम्ही खो खो हसलो, आणि लगेच गप्प झालो. आता छडी निघणार असं वाटलं. तुम्ही पिशवीतून वही काढलीत आणि विचारलंत, “मग कसं म्हणायचं? सांगा.” माझी भाकरी, गार झाली. तुम्ही लिहून घेतलंत. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना असं तो-ती नसतं, त्यामुळे तुम्हाला दर वेळी आम्हालाच विचारावं लागायचं. टेबल तो की ती? ते! खुर्ची? ती! वर्गातली सगळ्यात बुजरी पोरंसुद्धा तुम्हाला शिकवायला पुढे यायची. चुकलं तर काय होतं, हे आम्ही तुमच्याकडे बघून शिकलो. काही होत नाही, वहीत एक ओळ वाढते.

दिवाळीनंतर तुम्ही मला वाचायला उभं केलंत. तोच शब्द आला आणि माझा आवाज अडकला. तुम्ही जवळ आलात, “अंजब्याड,” घाबरू नकोस, एवढंच म्हणालात आणि स्वतः खाली बाकावर माझ्या शेजारी बसलात. मी वाचलं. ‘को’ आखूड निघाला.

एक गोष्ट मोठेपणी कळली. १ नोव्हेंबरला आपल्याकडे एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि एकीकडे सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिन. घरातला सगळा राग, सगळी चर्चा पोरांच्या कानावर पडते आणि दुसऱ्या दिवशी ती तसंच मन घेऊन वर्गात येतात. त्या दिवशी तुम्ही धडा घेतला नाहीत. तुमच्या आईची एक गोष्ट सांगितलीत, अर्धी मराठीत, अर्धी कन्नडमध्ये. कोणाच्या घरात काय बोललं गेलं, हे विचारलं नाहीत. मला आजही वाटतं, त्या वर्षातला तो सगळ्यात मोलाचा तास होता.

पुढे मी शिक्षिका झाले. ॲशक्राफ्ट आणि कर्क या संशोधकांचा २००१ सालचा अभ्यास वाचनात आला. गणिताची धास्ती असलेल्या विद्यार्थ्यांची, आकडेमोड करताना हाताशी लागणारी तात्पुरती स्मृती त्या धास्तीतच खर्च होते, असं त्यांना दिसलं. वाचता वाचता मला ती दोन बोटांची शिंगं आठवली आणि रडू आलं. माझं डोकं चालत होतं, टीचर. ते भीतीत गुंतलेलं होतं. तुम्ही आधी ते मोकळं केलंत, मग व्याकरण शिकवलंत.

आता माझ्या पाचवीच्या वर्गात एक मुलगी आहे. भागाकार आला की पेन्सिलीला टोकच काढत बसते. पूर्वी मी ओरडले असते. परवा मी तिच्या शेजारी बाकावर जाऊन बसले आणि म्हटलं, मला टोक काढून दे, आपण दोघी मिळून करू. एक भागाकार झाला. बाकी एक जास्त आली, ती उद्या बघू म्हटलं.

दहावीला कन्नडमध्ये मला १०० पैकी ७८ मिळाले, हे तुम्हाला तेव्हा कळवायचं राहून गेलं. त्याबद्दलही क्षमा करा. दसऱ्याच्या सुट्टीत धारवाडला तुमच्या घरी येते. ती मराठीची वही असेल अजून, तर काढून ठेवा. भाकरी मी घेऊन येते.

तुमची,
सातवीतली मागच्या बाकावरची