टेफ्लॉनची सीट आणि युरोपचा पीफास निर्बंध

संपादक महोदय,

पीफास, म्हणजे निसर्गात सहजी न विघटणारी फ्लोरिनयुक्त रसायने, म्हटले की आपल्याकडे नॉनस्टिक तव्याची चर्चा होते. पण जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे यांनी जानेवारी २०२३मध्ये युरोपीय रसायन संस्थेकडे दिलेला निर्बंधाचा प्रस्ताव थेट व्हॉल्व्हच्या पोटात शिरतो. त्यातली व्याख्याच तेवढी रुंद आहे: रेणूत एक जरी पूर्ण फ्लोरिनयुक्त सीएफ-२ किंवा सीएफ-३ गट असला, तरी मोजके अपवाद सोडता तो पीफास. टेफ्लॉन, म्हणजे पीटीएफई, ही तर सीएफ-२ची अखंड साखळी. पॉलिमर धरून सुचवलेली मर्यादा दशलक्षात ५० भाग आहे. टेफ्लॉनची सीट, म्हणजे व्हॉल्व्ह बंद असताना गळती रोखणारी कडी, त्यात बसणे शक्य नाही. सवलत असेल तरच ती विकता येईल.

साधा ५० मिमीचा बॉल व्हॉल्व्ह उघडून पाहा. दोन सीट, स्टेमखालचा (बॉल फिरवणाऱ्या दांड्याखालचा) थ्रस्ट वॉशर, दांड्याभोवतीचे ग्लँड पॅकिंग आणि बॉडी सील, बहुधा सगळे टेफ्लॉनचे. व्हॉल्व्ह हवेच्या दाबाने फिरवणाऱ्या अॅक्च्युएटरमध्ये व्हिटॉनच्या (फ्लोरिनयुक्त रबराच्या) ओ-रिंग असू शकतात. ऑक्सिजनच्या लाइनसाठी लागणारे फ्लोरिनयुक्त ग्रीस आणि गंज टाळण्यासाठी फ्लोरोपॉलिमरचा लेप दिलेले स्टड तर यादीत धरायचे राहूनच जातात.

‘दुसरे मटेरियल वापरा’ म्हणणे सोपे आहे. पीक (PEEK) हे प्लास्टिक २५० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, पण ते कडक. बॉलचे फिनिश अधिक बारीक लागते, घर्षण वाढते आणि टॉर्क, म्हणजे फिरवायला लागणारा जोर, चढतो. जुनाच स्प्रिंग-रिटर्न (हवा गेली की स्प्रिंगने व्हॉल्व्ह बंद करणारा) अॅक्च्युएटर ठेवला, तर हवा गेल्यावर व्हॉल्व्ह अर्धवट बंद होऊन अडकण्याचा धोका. शिवाय तीव्र सल्फ्युरिक आम्लात पीक विरघळते. ग्रॅफाइटचे ग्लँड पॅकिंग वाफेला उत्तम, पण तीव्र नायट्रिक आम्लाला चालत नाही. ईपीडीएम हे फ्लोरिन नसलेले रबर गरम पाण्याला चांगले, पण तेलात फुगते. आणि स्टोअरमध्ये काळी ईपीडीएम व काळी व्हिटॉन ओ-रिंग नजरेने ओळखता येत नाही. मेटल सीट घेतली तर टेफ्लॉनसारखी शून्य गळती सहसा मिळत नाही. त्यावर सीट किंवा पॅकिंग बदलले की एपीआय ६०७ची आगीची आणि आयएसओ १५८४८-१ची उत्सर्जनाची चाचणी पुन्हा करण्याची वेळ येते. लहान कारखान्याला खरा खर्च इथे येतो.

तरीही सरसकट सूट मागणे आम्हाला पटत नाही. थंड पाण्याच्या लाइनवर टेफ्लॉनची सीट निव्वळ सवयीने बसते. तिथे यूएचएमडब्ल्यू पॉलिथिलीन किंवा ईपीडीएम पुरते. सूट मागावी ती गरम हायड्रोक्लोरिक आम्ल, ओले क्लोरीन, ब्रोमीन अशा ठिकाणांसाठी. ऑगस्ट २०२५च्या सुधारित मसुद्यात सीलिंगचा वेगळा विचार झाला असून, पूर्ण बंदीऐवजी उत्सर्जनावर नियंत्रण ठेवून वापर चालू ठेवण्याचा पर्यायही तपासला आहे. प्रदूषणाची भीती मात्र काल्पनिक नाही. इटलीत विचेन्झाजवळच्या मिटेनी कारखान्याने भूजल नासवले आणि त्याचीच यंत्रसामग्री पुढे रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुरामला आली.

निर्यातदारांनी निकालाची वाट पाहत बसू नये. आपल्या बीओएममध्ये (सुट्या भागांच्या यादीत) धातूच्या भागांना हीट नंबर, म्हणजे ओतकामाचा ओळख क्रमांक, असतो, सीलपुढे नुसते ‘पीटीएफई’ लिहिलेले असते. प्रत्येक सॉफ्ट किटसाठी (सीट-सीलच्या संचासाठी) ग्रेड, फिलरचे प्रमाण (१५ टक्के काच की २५), कॅस क्रमांक (रसायनाचा ओळख क्रमांक), ग्रॅममधले वजन आणि पुरवठादाराने पीएफओएबद्दल (टेफ्लॉन बनवताना पूर्वी वापरले जाणारे घातक पीफास) दिलेले लेखी उत्तर आजपासून नोंदवावे. युरोपातला ग्राहक हेच विचारणार आहे, आणि वजनच माहीत नसेल तर सवलतीसाठी आकडे द्यायचे कुठून?

आणखी एक गोष्ट आपल्याच शॉपफ्लोअरची. रॉडमधून सीट टर्न करताना बराच माल चुऱ्यात जातो. हा चुरा कचऱ्यात जाऊन पेटला तर विषारी वायू सुटतात. शुद्ध टेफ्लॉनचा चुरा वेगळा ठेवला तर भंगारवाला भाव देतो. त्यात काच किंवा कार्बन भरलेला चुरा मिसळला की भाव पडतो. लेथपाशी दोन वेगळे डबे ठेवायला युरोपच्या कायद्याची गरज नाही.

— व्हॉल्व्ह व सील उद्योगातील काही अभियंते, भोसरी