बाळ्या, ती गुठळी जप

प्रिय बाळ्या,

वहिनींचा मेसेज आला, तुझी खालची अक्कलदाढ काढली म्हणून. फोन करणार होतो पण तुला आत्ता बोलायला लावायचं नाही, म्हणून हे लिहितोय, पडल्या पडल्या वाच.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. दाढ निघाली तिथल्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, ती म्हणजे आतल्या हाडावर आणि नसेवर घातलेलं झाकण. ते झाकण निघालं की काय होतं ते मी भोगलंय रे. गेल्या मे महिन्यात माझी दाढ काढली, डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलेलं पण जबडा बधिर, माझं अर्ध लक्ष नव्हतंच. दुसऱ्या दिवशी मालवणात उकाडा असा की घामाने गंजी भिजलेली, भावाने माडावरून शहाळी उतरवली, भोक पाडून स्ट्रॉ घालून हातात दिलं आणि मी घटाघटा ओढलं. शहाळं वाईट नाही, ओढणं वाईट. तोंडात ओढ बसली की गुठळी सुटू शकते. तिसऱ्या रात्री कळ कानापर्यंत चढली, गोळीला दाद देईना, तोंडाला घाण चव. मोबाईलचा टॉर्च लावून आरशात बघितलं तर काळपट लाल गुठळी गायब आणि तळाशी पांढुरकं हाड दिसतंय. ड्राय सॉकेट म्हणतात त्याला. डॉक्टरांनी खड्डा धुतला, लवंगेच्या वासाचं औषध भरलं, तेव्हा कुठे जीव जाग्यावर आला, आणि त्यासाठी परत दोनदा जावं लागलं.

म्हणून स्ट्रॉ नको, थुंकणं नको, पहिले २४ तास चूळसुद्धा नको. लाळ गुलाबी येईल, ती गिळ नाहीतर रुमालाने टिप. बोळा ३०-४५ मिनिटं घट्ट चावून ठेवायचा, सारखा काढून बघायचा नाही. तरी ताजं रक्त येत राहिलं तर नवीन बोळा दाबून अर्धा तास बस, तेवढ्याने थांबलं नाही तर डॉक्टरांना फोन.

आणि तुझी तंबाखू. बाळ्या, हात जोडतो, निदान आठवडाभर पुडी वहिनींकडे दे. तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो आणि ती थुंकावी लागते, म्हणजे दुहेरी नुकसान. काकी दुखतंय म्हटल्यावर मशेरी लाव म्हणतील, त्यांची माया आहे पण ऐकू नकोस. मिठाच्या पुरचुंडीचा गरम शेकही पहिल्या दिवशी नको, त्याने सूज वाढते. त्याऐवजी फडक्यात बर्फ गुंडाळून बाहेरून गालावर, १५ मिनिटं ठेवायचा १५ मिनिटं काढायचा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्तच दिसेल, घाबरू नकोस, मग उतरते. रात्री उशाला दोन उशा घे.

दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, जेवल्यावर तोंडात घेऊन मान नुसती इकडून तिकडे करायची, गुळगुळ करायची नाही, तोंड उघडून पाणी आपोआप बेसिनमध्ये पडू द्यायचं.

खायला उकड्या तांदळाची पेज, निवलेली, वर थोडं तूप. मऊ भात, दही, कुस्करलेलं केळं चालेल. बांगड्याचं तिखट आणि मिरची लसणीची सोलकढी चार दिवस राहू दे, काटा खड्ड्यात गेला तर पंचाईत. चावायचं दुसऱ्या बाजूने. बाकीचे दात घास, खड्ड्यावर ब्रश नको. गोळ्या लिहून दिल्यात त्याच घे, मनाने अ‍ॅस्पिरिन घेऊ नकोस, रक्त पातळ होतं. तुझ्या बाबांची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना, त्यांचा दात काढायची वेळ आली तर ते आधी सांगायचं आणि गोळी मनाने बंद करायची नाही.

दुखणं दिवसागणिक कमी व्हायला हवं. तिसऱ्या दिवसानंतर उलट वाढलं, ताप आला, पू दिसला तर वाट बघू नकोस, सरळ जा. गिळायला किंवा श्वास घ्यायला जड वाटलं तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठ.

टाके काढायला कधी बोलावलंय ते मेसेज कर, मी रजा टाकतो. रत्नागिरीपर्यंत गाडी मीच चालवेन, तू शेजारी गप्प बस.

तुझाच,
दाजी