भूखी कांसेचा एक पट्टा विद्यार्थ्यांच्या हाती द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीनं ३५ फुटांची पातळी ओलांडली. तेव्हापासून बडोद्यात पाण्याचा विषय निघाला की ठरलेली मागणी होते : नदी खोल करा, कांसा (पावसाचं पाणी नदीकडे नेणारे ओढे) काँक्रीटनं बांधून काढा. आपल्या पत्रांच्या सदरातही ती बरेचदा वाचायला मिळते. लोकांचा संताप मी समजू शकते. आमच्या निझामपुऱ्यातल्या तळमजल्यात पाणी शिरलं, तेव्हा धान्याच्या कोठ्या आणि वडिलांचे जुने कागद दोन्ही गेले. तरीही मला काँक्रीट नको आहे, आणि त्याऐवजी काय हवं ते या पत्रातून मांडते आहे.

आमच्या भागातलं पावसाचं पाणी वाहून नेणारी भूखी कांस महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या आवारातून जाते आणि पुढे विश्वामित्रीला मिळते. मी त्याच विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकले आणि पुढे निवृत्तीपर्यंत शाळेत जीवशास्त्र शिकवलं. ज्या आवारात वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, सिव्हिल इंजिनिअरिंग आणि सोशल वर्क हे सगळं शिकवलं जातं, त्याच आवारातून एक आजारी ओढा वाहतो. त्याचा आवारातला पट्टा विद्यार्थ्यांकडे सोपवावा, आणि तोही एका रविवारच्या सफाईसाठी नव्हे, तर सलग काही वर्षांसाठी, अशी माझी मागणी आहे.

माझा भाचा अमेरिकेत ओरेगन राज्यात शिकतो. तिथले विद्यार्थी ओढ्यांच्या कडेनं वाळुंजाच्या (विलोच्या) जातीच्या फांद्या खोचतात, अवजड ओंडके मुद्दाम पात्रात टाकतात. ओंडक्याच्या आडोशाला डोह तयार होतो, पाण्याचा वेग मंदावतो, खडी बसते आणि त्या खडीत सालमन मासा अंडी घालतो. काठावरच्या झाडांच्या सावलीनं पाणी गार राहतं, ते पिल्लांना मानवतं. पण त्याच राज्यात १९७०च्या दशकापर्यंत सरकारी पैशानं हेच ओंडके उपसून काढले जात होते. त्यांनी माशांची वाट अडते, अशी तेव्हाची समजूत होती. ओढे साफ झाले, पण डोह नाहीसे झाले. आता मोठ्या खर्चानं आणि मेहनतीनं ओंडके परत ठेवावे लागताहेत. आपण आज जे खोदू ते पुढच्या पिढीला असंच परत भरत बसावं लागू नये, एवढ्यासाठी ही हकीकत सांगितली.

आपल्याकडे सालमन नाही, मगर आहे. भर शहरातून वाहणाऱ्या आणि मगरी सांभाळणाऱ्या अशा नद्या फार थोड्या. मगर मातीच्या काठात बीळ करते. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ती काठावर खड्डा करून अंडी घालते आणि पावसाच्या तोंडावर पिल्लं बाहेर येतात. नेमक्या त्याच महिन्यांत, पावसाळ्याआधीचं काम म्हणून, जेसीबी काठ तासतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असलेल्या प्राण्याचं घरटं काँक्रीटच्या भिंतीत व्हायचं कसं? कासवांचंही तेच. काठावर हात लावायचा असेल तर दिवाळीनंतर जानेवारीपर्यंत लावावा, आणि वन खात्याच्या परवानगीनं. योगायोगानं मुलांनाही हेच दिवस सोयीचे असतात.

आता पुराचं बघू, कारण मगरींच्या प्रेमापोटी लोकांची घरं बुडवायची का, असा प्रश्न मला शेजारीच विचारतात. सिव्हिलच्या विद्यार्थ्यांना पात्रातल्या पाण्याचा वेग काढायचं मॅनिंगचं सूत्र शिकवतात. त्यात पात्राच्या खडबडीतपणाचा आकडा गुळगुळीत काँक्रीटसाठी ०.०१५ च्या आसपास धरतात, झुडपांच्या नैसर्गिक पात्रासाठी ०.०५ च्या आसपास. बाकी सगळं तेच ठेवलं तर काँक्रीटमधलं पाणी तिपटीनं वेगानं धावेल. धावून जाणार कुठे? विश्वामित्रीत. आणि ती आधीच तुडुंब असली की कांसेला तोंडच उरत नाही, पाणी उलटं वस्तीत फिरतं. ३१ जुलै २०१९ला एका दिवसात २० इंचांच्या घरात पाऊस झाला होता. असा पाऊस कांसेतून नदीकडे जितका घाईनं ढकलाल तितका तो नदीच्या फुगवट्यात सापडेल. झुडपांच्या पात्राला रुंदी मात्र जास्त लागते, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. भराव टाकून नेमकी तीच रुंदी आपण खाल्ली आहे. जुने सिटी सर्व्हेचे नकाशे घेऊन, पट्टीनं आणि लेव्हलनं, पात्र किती होतं आणि किती उरलं हे मुलांनी मोजून शहरापुढे ठेवावं. पुलांच्या आणि मोऱ्यांच्या तोंडाशी पात्र मोकळंच हवं. झुडपं कुठे चालतील आणि कुठे नाहीत हे गणितानंच ठरू दे.

माझ्या विषयाबद्दल बोलायचं तर काठावर सध्या गांडो बावळ (वेडी बाभूळ) आणि पात्रात जलपर्णी, एवढंच राज्य आहे. ते काढून जमीन उघडी ठेवली तर पहिल्याच पावसात माती जाईल. आधी वाळा आणि लव्हाळा लावावा. वाळ्याची मुळं खोल सरळ जातात आणि काठ धरून ठेवतात. त्यांच्या वरच्या अंगाला निर्गुडी आणि वाळुंज, दोन्ही छाटकलमानं येतात, रोपवाटिकेचा खर्च नाही. पुराची रेघ जिथे थांबते तिथे करंज, जांभूळ, उंबर. गुलमोहर आणि शोभेचे पाम कृपा करून नकोत. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमांत तेच का येतात मला कळत नाही, त्यांचा ओढ्याला काहीही उपयोग नाही.

पण यातलं काहीही सांडपाणी थांबल्याशिवाय तगणार नाही. पावसाळा सोडला तर भूखीत जे वाहतं ते मुख्यतः घरांतलं आणि गटारांतलं पाणी आहे. म्हणून पहिल्या वर्षी एकही रोप न लावता मुलांनी फक्त नोंद करावी : कुठला पाइप कुठे पडतो, कुठल्या वेळी, कुठल्या रंगाचं पाणी. रसायनशास्त्राच्या मुलांनी विरघळलेला प्राणवायू मोजावा. प्राणिशास्त्राच्या मुलांनी गाळातले किडे बघावेत. तळाशी निव्वळ लाल अळ्या सापडत असतील तर प्राणवायू जवळपास नाही असं समजावं, कारण त्या हिमोग्लोबिनच्या जोरावर अशा पाण्यातही जगतात. मेफ्लाय या किड्याची पिल्लं दिसू लागली तर पाणी सुधारतंय. ही परीक्षा स्वस्त आहे आणि एखाद्या महागड्या यंत्राहून जास्त दिवसांचा हिशोब सांगते. सोशल वर्कच्या मुलांनी काठावरच्या वस्त्यांत जावं, पण उपदेश करायला नाही. कचरा उचलायला गाडी येते का, संडासाची लाइन जोडली आहे का, हे विचारायला. तिथल्या माणसांना पाण्याच्या चढउताराचं जे ज्ञान आहे ते कुठल्याच विभागात नाही.

वेळ कुठून काढायचा? राष्ट्रीय सेवा योजनेच्या (एनएसएस) स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास द्यावेच लागतात. ते भूखीला द्या. २०२०च्या शैक्षणिक धोरणानं अशा कामाला क्रेडिट देण्याची वाटही करून ठेवली आहे. खरी अडचण वेगळीच आहे. तीन वर्षांत मुलं पास होऊन जातात आणि वही हरवते. यासाठी प्रत्येक विभागातला एक प्राध्यापक कायमचा नेमावा आणि दर वर्षी त्याच जागी, त्याच पद्धतीनं घेतलेल्या नोंदी पुढच्या तुकडीच्या हाती द्याव्यात.

सुरक्षेबद्दल आयांनी काळजी करू नये असं मी म्हणणार नाही. मुलांनी पाण्यात उतरायचं नाही. गमबूट आणि हातमोजे हवेतच, पावसाळ्यात फक्त पुलावरून मोजमाप करायचं, आणि मगर दिसली की वन खात्याला फोन.

कुलगुरू, महापालिका आणि वन खातं यांनी येत्या दिवाळीच्या आत एकत्र बसून विद्यापीठाच्या हद्दीतला पट्टा आखून द्यावा. तोवर त्या पट्ट्यात काँक्रीटची निविदा काढू नये. काठावरच्या वनस्पतींची यादी करायला कुणी मुलं तयार असतील तर ओळख पटवण्यासाठी मी सकाळच्या वेळी येऊ शकते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
निझामपुरा, बडोदे