तोंड कोरडं पडतं त्याबद्दल

चि. अमोल,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, ‘पाणी कमी पितेस म्हणून तोंड कोरडं पडतं.’ पाणी भरपूर पिते रे. कारण वेगळं आहे, आणि ते तुला सांगायला मला संकोच वाटत नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं. गरम वाफा येतात, झोप मोडते, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं; तोंडाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

हिरड्या, गालांची आतली त्वचा, लाळग्रंथी या सगळ्यांवर त्या संप्रेरकाचा परिणाम असतो. काहींची लाळ कमी होते, घट्ट होते. लाळ म्हणजे नुसतं पाणी नव्हे. जंतूंनी तयार केलेलं आम्ल ती सौम्य करते, आणि तिच्यातल्या कॅल्शियम-फॉस्फेटमुळे दातांची झीज थोडीफार भरून निघते. ती आटली की किडीला फावतं, विशेषतः हिरडी खाली सरकून उघड्या पडलेल्या मुळांवर, कारण तिथे एनॅमलचं कवच नसतं. म्हणून १००० ते १५०० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत इतके भाग) फ्लोराइडची पेस्ट वापरते. अल्कोहोलचा माउथवॉश बंद केला, त्याने कोरड वाढते.

जिभेची आग हे त्याहून विचित्र प्रकरण. शेंड्याला चटका बसल्यासारखं वाटतं, सकाळी कमी, संध्याकाळी जास्त, आणि आरशात बघावं तर जीभ अगदी नीट! दिसत नाही म्हणून बायकांना ‘मनाचे खेळ’ ऐकवले जातात. मला त्याचा राग येतो. निदान करण्याआधी बी-१२, लोह, साखर, थायरॉइड आणि तोंडातली बुरशी तपासतात. माझ्याही तपासण्या करायच्या आहेत.

हाडं ठिसूळ होतात त्यात जबडाही आला. हिरड्यांचा आजार असेल तर दात हलायला लागायची भीती जास्त. आणि हाडांसाठी बिस्फॉस्फोनेट गटाचं औषध चालू असेल तर दात काढण्याआधी दंतवैद्यांना सांगायलाच हवं. क्वचित जखम भरत नाही, जबड्याचं हाड उघडं राहतं. मात्र औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही.

रक्तदाबाच्या, ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही तोंड सुकतं. येशील तेव्हा माझ्या सगळ्या गोळ्यांची यादी लिहून दे. माझं अक्षर दंतवैद्यांना लागत नाही, आणि डबीवरची नावं मला चष्म्यातूनही दिसत नाहीत.

तुझी,
आई