बसण्यावरून ओळख

चि. मधुरास,
अनेक आशीर्वाद.

तू फोटो पाठवलास ते घरटं बॉल्ड ईगलचंच, म्हणजे पांढऱ्या डोक्याच्या अमेरिकन गरुडाचं. मिसिसिपी नदीकडे तोंड केलेलं कॉटनवुडचं झाड, शेंड्याखालचा भक्कम बेचका आणि त्यात पाच-सहा फूट रुंद काटक्यांचा ढीग, म्हणजे शंकाच नको. 'बॉल्ड'वरून टक्कल समजू नकोस. जुन्या इंग्रजीत त्याचा संबंध पांढऱ्या रंगाशी होता. आपल्या कोकण किनाऱ्यावरचा समुद्री गरुड याचाच भाऊबंद.

खालून घरट्याची वाटी दिसत नाही म्हणून हिरमुसू नकोस. आत काय चाललंय ते आईबापाच्या बसण्यावरून कळतं. तुमच्याकडे आयोवात फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत अंडी येतात, बहुधा दोन, मध्ये दोन-चार दिवसांचं अंतर. एक पक्षी इतका खाली बसलाय की काठावर नुसतं पांढरं डोकं दिसतंय, असं ज्या दिवशी पहिल्यांदा दिसेल ती तारीख वहीत लिही आणि पुढे ३५ दिवस मोज. पाळीपाळीने दोघंही बसतात. अंगाने मोठी ती मादी. बसताना डावी-उजवीकडे डुलतात, ते अंडी पोटाच्या उघड्या कातडीला नीट लागावीत म्हणून. पाठीवर बर्फ साचला तरी ती उठत नाही. तू घाबरून कुणाला फोन करू नकोस.

पिल्लू बाहेर येऊ लागलं की बसणं बदलतं. पक्षी जरा उंच बसतो, पंख किंचित सैल ठेवतो, सारखा वाकून खाली बघतो. चालताना नख्या मुठीसारख्या मिटलेल्या असतात. कवच फुटायला एक-दोन दिवस लागतात, तेवढ्यात नर मासे आणून टाकायला लागतो. डोकं खाली जाऊन छोटे छोटे हिसके दिसले, की समज भरवणं सुरू झालं.

४५ दिवसांनंतरही तसंच खाली बसलेले असतील तर ती अंडी गेली. बिचारे पुढेही बसून राहतात. कॅलिफोर्नियातल्या बिग बेअरच्या जॅकी-शॅडो या जोडीची २०२४ची तिन्ही अंडी अशीच वाया गेली. २०२५मध्ये तीन पिल्लं निघाली, एक मार्चच्या हिमवादळात गेलं, दोन उडाली. कधी अंडं फळतच नाही, कधी गारठतं. एके काळी डीडीटी या कीटकनाशकामुळे कवचं इतकी पातळ झाली होती की आईच्याच वजनाने फुटायची. १९६३मध्ये अलास्का वगळता अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या राज्यांत जेमतेम ४१७ जोड्या मोजल्या गेल्या. १९७२मध्ये डीडीटीवर बंदी आली. आता अंडी गारठायला माणसाची हौस पुरते. जवळ गेलीस की पक्षी उठतो, अंडी उघडी पडतात आणि कावळे टपलेलेच असतात. म्हणून १०० मीटरच्या आत पाऊल टाकायचं नाही. गाडीतच बस, काच खाली कर. ८x४२ची दुर्बीण पुरते, पण स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवरची लांब पल्ल्याची दुर्बीण, मिळाला तर सोनंच. पानं फुटायच्या आधी बघून घे.

पहिले दोन आठवडे पिल्लाला अंगची ऊब राखता येत नाही, त्यामुळे कुणीतरी वर असतंच. मग काठावर राखाडी डोकी दिसतील. थोरलं धाकट्याला टोचतं. बघवत नाही, पण मासे भरपूर असले की बहुतेकदा निभावतं. नदी गढूळ झाली की मासा दिसत नाही, तेव्हा मात्र धाकट्याची काळजी. सहाव्या आठवड्यानंतर आईबाप शेजारच्या झाडावर बसायला लागतात, त्यांनी पिल्लं टाकली असं नाही.

दहा-बारा आठवड्यांनी, म्हणजे जून-जुलैत, पहिली उडी. तेव्हा पिल्लू आईपेक्षा मोठं वाटेल, कारण पहिल्या वर्षीची पिसं लांब असतात. डोकं पांढरं व्हायला चार-पाच वर्षं लागतात. जमिनीवर बसलेलं दिसलं तर उचलू नकोस. आईबाप खालीही भरवतात. पंख लोंबत असेल किंवा दुसऱ्या दिवशीही तिथेच असेल तर राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याला कळव.

झाडाखाली पीस सापडेल. आजीसाठी ते आणायचा मोह होईल, पण १९४०च्या कायद्याने ते परवानगीशिवाय जवळ ठेवणंही गुन्हा आहे, आणि तू तिथे व्हिसावर आहेस. फोटो पाठव.

तुझी,
आई