विजेता थकला होता की आव्हानवीर सरस होता?

संपादक महोदय,

हेवीवेट बॉक्सिंगमध्ये वय झालेला विश्वविजेता अनपेक्षितपणे हरला की 'एका युगाचा अस्त' आणि 'नव्या सम्राटाचा उदय' अशी दोन्ही विधाने एकाच बातमीत येतात. ती एकमेकांना छेद देतात, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. विजेता आधीच संपलेला असेल, तर त्याला हरवणाऱ्याने सिद्ध केले ते थोडेच. आव्हानवीर खरोखर मोठा असेल, तर हरलेला माणूस संपला होता असे म्हणायला त्या एका रात्रीचा पुरावा पुरत नाही. धक्का किती मोठा होता आणि निकालाचे महत्त्व किती, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. सट्टेबाजांचा भाव फक्त पहिल्याचे उत्तर देतो.

या फरकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच सनसनाटी निकालांच्या याद्यांत लिऑन स्पिंक्सचा मोहम्मद अलीवरचा विजय नेहमी वर दिसतो आणि टायसन फ्युरीचा व्लादिमीर क्लिट्श्कोवरचा विजय 'कंटाळवाणी लढत' म्हणून खाली ढकलला जातो. माझ्या मते क्रम नेमका उलटा हवा.

१५ फेब्रुवारी १९७८ रोजी लास व्हेगासमध्ये स्पिंक्सने मोहम्मद अलीला १५ फेऱ्यांनंतर गुणांवर हरवले. स्पिंक्स २४ वर्षांचा होता. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकचे लाइट हेवीवेट सुवर्णपदक त्याच्याकडे होते, पण व्यावसायिक लढती अवघ्या सात, त्यातलीही एक बरोबरीत सुटलेली. आठव्या लढतीत थेट अलीकडून विश्वविजेतेपद! धक्का म्हणून याला तोड मिळणे कठीण. आता ३६ वर्षांच्या अलीची त्याआधीची दोन वर्षे पाहा. एप्रिल १९७६ मध्ये जिमी यंगविरुद्ध तो २३० पौंड वजनाने उतरला. जिंकला, पण निकालावर वाद झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केन नॉर्टनविरुद्धची तिसरी लढत, तिचा निकालही वादग्रस्त. सप्टेंबर १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्सचे जबरदस्त ठोसे त्याने १५ फेऱ्या सोसले, आणि त्यानंतर त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी त्याची साथ सोडली. घसरण उघड होती. स्पिंक्स त्या उतारावर शेवटी भेटलेला माणूस होता.

ही घसरण कुठे दिसते, हे समजून घेण्यासारखे आहे. अलीचा बचाव हातांवर उभा नव्हता. हात खाली सोडून, कंबरेतून मागे झुकून, ठोसा तोंडासमोरून जाऊ द्यायचा आणि पायांनी बाजूला सरकायचे, ही त्याची पद्धत. हनुवटीपाशी हात बांधून लढणाऱ्याला क्षणभराचा उशीर चालून जातो. अलीच्या पद्धतीत तेवढ्याच उशिराने, आधी हुकणारा ठोसा जबड्यावर बसतो. वय झालेल्या मुष्टियोद्ध्याला पाहताना म्हणून चेहऱ्याकडे नव्हे, दोन ठिकाणी लक्ष ठेवावे. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, मारल्यावर डावा हात हनुवटीपर्यंत परत येतो की छातीपाशीच राहतो, आणि ठोसे मारून झाल्यावर तो स्वतःच्या पायांनी बाहेर पडतो की प्रतिस्पर्ध्याला मिठी मारून श्वास घेतो. ठोशातली ताकद मात्र सगळ्यात शेवटी जाते. नोव्हेंबर १९९४ मध्ये ४५ वर्षांचा जॉर्ज फोरमन नऊ फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर मागे होता, तरी दहाव्या फेरीत त्याने मायकेल मूररला आडवे केले. त्यामुळे नुसता वयाचा आकडा सांगून काही कळत नाही. त्या माणसाची पद्धत वयापुढे टिकणारी आहे का, हे पाहावे लागते.

पाय आणि नजर साथ देईनाशी झाल्यावर अलीजवळ एक उपाय उरला होता. दोरांना टेकायचे, हातांनी डोके झाकायचे आणि समोरच्याला मारून मारून दमू द्यायचे. १९७४ मध्ये किन्शासात फोरमनवर हाच डाव चालला होता. स्पिंक्सविरुद्ध सुरुवातीच्या फेऱ्यांत अलीने तोच लावला आणि तो अंगलट आला. एक तर सुमारे १९७ पौंडांचा तरुण स्पिंक्स दमलाच नाही. दुसरे म्हणजे समोरचा खाली पडणार नसेल, तर दोरांवर काढलेली फेरी गुणपत्रिकेत त्याच्या नावावर जाते आणि ती परत मिळत नाही. गुणपत्रिका होत्या १४५-१४० आणि १४४-१४१ स्पिंक्सच्या बाजूने, १४३-१४२ अलीच्या बाजूने. फेरी जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला ९ या हिशेबाने स्पिंक्सला अनुक्रमे १०, ९ आणि ७ फेऱ्या मिळाल्या. मधल्या पत्रिकेवरच्या दोनच फेऱ्या फिरल्या असत्या, तर विजेतेपद अलीजवळच राहिले असते. वर्षानुवर्षे 'इतिहास घडला' म्हणून सांगितला जाणारा निकाल इतका निसटता होता, आणि अलीने त्याहून जास्त फेऱ्या दोरांवर उभे राहून आपण होऊन देऊन टाकल्या होत्या.

पुढचे सर्वश्रुत आहे. सात महिन्यांनी न्यू ऑर्लिन्समध्ये अलीने दोरांचा नाद सोडला, जॅब टाकत आणि मिठ्या मारत १५ फेऱ्या काढल्या आणि एकमताने विजेतेपद परत घेतले. जून १९७९ मध्ये गेरी कुट्झीने स्पिंक्सला पहिल्याच फेरीत गारद केले. त्या फेब्रुवारीच्या रात्रीचा टिकाऊ परिणाम रिंगबाहेर झाला, आणि त्याबद्दल फार कमी लिहिले जाते. स्पिंक्सने नॉर्टनऐवजी अलीशी परतीची लढत निवडली, म्हणून विश्वविजेतेपदाचा किताब देणाऱ्या संघटनांपैकी एक असलेल्या जागतिक बॉक्सिंग परिषदेने त्याच्याकडचा आपला किताब काढून नॉर्टनला दिला. जून १९७८ मध्ये लॅरी होम्सने नॉर्टनला हरवून तो घेतला आणि पुढची सात वर्षे या वजनी गटावर त्याचीच सत्ता राहिली. अलीचा वारस स्पिंक्स नव्हताच, होम्स होता.

योगायोग असा, की त्या होम्सलाही लिऑनच्या धाकट्या भावाने, मायकेल स्पिंक्सने, सप्टेंबर १९८५ मध्ये हरवले. होम्स ३५ वर्षांचा, ४८ लढतींत ४८ विजय. रॉकी मार्सियानोच्या ४९-० (४९ विजय, एकही हार नाही) या विक्रमापासून एका पावलावर. येथेही इशारे आधीच मिळाले होते. त्याच वर्षी मे महिन्यात कार्ल विल्यम्सने त्याला १५ फेऱ्या झुंजवले होते. तरी हा निकाल मी १९७८ च्या निकालापेक्षा वरचा मानतो. मायकेल लाइट हेवीवेटचा, म्हणजे १७५ पौंडांच्या गटाचा, राज्य करणारा विजेता होता. ते पद हाती असताना हेवीवेट विजेता होणे त्याआधी कोणालाच जमले नव्हते. वजन वाढवायचे आणि वेग घालवायचा नाही, या अवघड तयारीतून तो २०० पौंडांवर आला. दोन पंचांनी निकाल १४३-१४२ असा फक्त एका फेरीने दिला, आणि एप्रिल १९८६ मधला परतीचा विजयही वादात सापडला, हे मात्र सोबत लिहायलाच हवे. जून १९८८ मध्ये माइक टायसनने मायकेलला ९१ सेकंदांत संपवले म्हणून १९८५ चे कर्तृत्व पुसले जात नाही. ते वेगळ्या माणसापुढचे, वेगळ्या दिवसाचे माप आहे.

कधी कधी दोष वयाचा नसून तयारीचा असतो. एप्रिल २००१ मध्ये ३५ वर्षांच्या लेनॉक्स लुईसला हसीम रहमानने दक्षिण आफ्रिकेत पाचव्या फेरीत झोपवले, तेव्हाही 'संपला' असेच लिहिले गेले. लढतीचे ठिकाण समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच. रहमान आधी येऊन त्या हवेला सरावला. लुईस उशिरा पोहोचला आणि २५० पौंडांहून जड होता. नोव्हेंबरमध्ये तोच लुईस हलका होऊन आला आणि त्याने चौथ्या फेरीत रहमानला नॉकआउट केले.

आता २८ नोव्हेंबर २०१५, ड्युसेलडॉर्फ. क्लिट्श्को ३९ वर्षांचा, पण आधीच्या लढती पाहा. ११ वर्षांहून अधिक काळ अपराजित, २००६ पासून विजेता, १८ वेळा विजेतेपद राखलेले. अलीसारखे वादग्रस्त निकाल यात नाहीत. त्याची पद्धत वयापुढे टिकणारी होती. लांब डावा जॅब, त्यामागून उजवा हात, आणि प्रतिस्पर्धी जवळ आला की त्याच्या मानेवर अंगाचा भार टाकून मिठी. हे सारे आपण उंच असण्यावर अवलंबून. फ्युरी मात्र सहा फूट नऊ इंच, क्लिट्श्कोपेक्षा सुमारे तीन इंचांनी उंच आणि हाताचा पल्लाही मोठा. वरून भार टाकायला मान सापडेना. शिवाय फ्युरी मध्येच डावखुरा पवित्रा घेई, खोट्या हुलकावण्या देई, डोके सतत हलते ठेवी. क्लिट्श्कोला उजवा टाकण्याआधी पाय रोवावे लागत, आणि ते रोवेपर्यंत लक्ष्य जागेवरून हललेले असे. ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्स कंपनीच्या मोजणीनुसार १२ फेऱ्यांत त्याने २३१ ठोसे टाकले आणि लागले ५२, म्हणजे फेरीला चार. फ्युरीचे ३७१ पैकी ८६. प्रेक्षकांना कंटाळा आला तो याच कारणाने. एका कुशल माणसाने दुसऱ्या कुशल माणसाला काही करूच दिले नाही.

गुणपत्रिका ११५-११२, ११५-११२, ११६-१११. वरवर त्या चुरशीच्या वाटतात, पण अकराव्या फेरीत मानेमागे ठोसा मारल्याबद्दल फ्युरीचा एक गुण कापला होता. तो परत मिळवून पाहिला तर फेऱ्या होतात ८-४, ८-४ आणि ९-३. जर्मनीत, क्लिट्श्कोच्या घरच्या मैदानावर!

यात वयाचा वाटा नव्हताच असे नाही; तरुणपणीचा क्लिट्श्को कदाचित धोका पत्करून पुढे घुसला असता. पण सतरा महिन्यांनी, ४१ व्या वर्षी, वेम्ब्लीवर त्याच क्लिट्श्कोने २७ वर्षांच्या अँथनी जोशुआला सहाव्या फेरीत खाली पाडले आणि अकराव्या फेरीपर्यंत झुंज दिली. उजवा हात शाबूत होता. २०१५ मध्ये तो चालला नाही, कारण फ्युरीने चालू दिला नाही. फ्युरी नंतर अडीच वर्षे रिंगणाबाहेर राहिला, पण फेब्रुवारी २०२० मध्ये तेव्हाचा विश्वविजेता डिऑन्टे वाइल्डर याला त्याने सातव्या फेरीत थांबवले आणि ड्युसेलडॉर्फचा विजय नशिबाचा नव्हता, हे स्पष्ट झाले.

आपल्या क्रीडा विभागाला एक विनंती. अशा निकालाच्या बातमीत विजेत्याच्या मागच्या तीन लढतींतले वजन आणि त्यांचे निकाल द्यावेत. तिन्ही गुणपत्रिका कापलेल्या गुणांसह, फेऱ्यांत उलगडून छापाव्यात. परतीच्या लढतीची अट करारात आहे का, हेही लिहावे. क्लिट्श्कोशी असलेल्या त्याच अटीमुळे फ्युरीचा एक किताब दोन आठवड्यांच्या आत काढून घेतला गेला होता.

आपला,
एक नियमित वाचक