चरबीची गाठ उपासाने विरघळत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

‘वजन उतरवा, चरबीची गाठ आपोआप विरघळेल’ असे सल्ले सर्रास दिले जातात आणि लोक महिनोन्‌महिने गाठ चोळत बसतात. चरबीची गाठ, म्हणजेच लायपोमा, ही एका जागी साठलेली जादा चरबी नव्हे. तिचे मूळ जनुकांत आहे.

शरीरातली चरबी वाढते ती दोन प्रकारे: आहेत त्या पेशी फुगतात किंवा पूर्वपेशींतून नव्या घडतात. नव्या घडताना सी/ईबीपी बीटा आणि डेल्टा ही जनुके चालवणारी प्रथिने आधी जागी होतात, ती पीपीएआर-गॅमा या तशाच प्रथिनाला कामाला लावतात आणि मग पेशी तेल साठवू लागते. वजन घटले की पेशी रिकाम्या होतात, त्यांची संख्या मात्र जवळपास तेवढीच राहते.

लायपोमात बिघाड वेगळाच असतो. बाराव्या गुणसूत्रावरचे एचएमजीए२ हे जनुक गर्भावस्थेत जोरात चालते आणि पुढे जवळजवळ गप्प होते. लेट-७ नावाचे सूक्ष्म आरएनए या जनुकाच्या संदेशाच्या शेपटाला चिकटून त्याला आवर घालतात. बऱ्याच लायपोमांत गुणसूत्र नेमके इथेच तुटते, शेपूट गळते आणि अनेकदा तिथे तिसऱ्या गुणसूत्रावरच्या एलपीपी जनुकाचा तुकडा येऊन जुळतो. लगाम सुटलेले जनुक पेशी वाढवत राहते. उंदरांमधून हेच जनुक काढून टाकले, तर ते खुजे राहतात आणि त्यांच्या अंगावर चरबी फारच कमी धरते. तुटलेले गुणसूत्र उपासाने किंवा मालिशने सांधले जात नाही.

कातडीखालची मऊ, हलणारी, न दुखणारी छोटी गाठ तशीच ठेवली तरी चालते. पण ५ सेंटीमीटरहून मोठी, स्नायूंत खोल रुतलेली किंवा भराभर वाढणारी गाठ असेल, तर काढण्याआधी एमआरआय हवाच. आणि काढलेली गाठ फेकून देऊ नये, ही आमची कळकळीची विनंती. ती १० टक्के फॉर्मलिनमध्ये (ऊती टिकवणारे द्रावण), गाठीच्या दहापट द्रावणात तपासणीला पाठवावी. चरबीत फॉर्मलिन फार सावकाश मुरते. मोठी गाठ न चिरता बरणीत पडून राहिली, तर मधला भाग कच्चा राहतो आणि काचपट्टीवर काही धड दिसत नाही.

कापल्यावर साधा लायपोमा एकसारखा पिवळा, तेलकट दिसतो. पांढरट, घट्ट पट्टे दिसले तर तिथले तुकडे आवर्जून घ्यावे लागतात, कारण कर्करोगाकडे झुकणाऱ्या चरबीच्या गाठीतल्या मोठ्या, गडद केंद्रकांच्या पेशी अशा पट्ट्यांत सापडतात. त्या दुर्मीळ असतात, नजरेतून सहज निसटतात. शंका आली की एमडीएम२ या जनुकाची फिश चाचणी (पेशीतली जनुके चकाकत्या ठिपक्यांनी मोजणारी) करावी: या जनुकाचे ठिपके बाराव्या गुणसूत्राच्या मध्यबिंदूच्या ठिपक्यांच्या दुप्पट किंवा अधिक भरले, तर तो साधा लायपोमा नव्हे. अशी गाठ पुन्हा उगवू शकते, म्हणून रुग्णाला पुढची कित्येक वर्षे तपासणीला बोलवावे लागते.

आपले,
ऊतितपासणी करणारे पॅथॉलॉजिस्ट